कर्नलसाहेबांचा दहावा

अकरा वाजून गेले तरी कावळा शिवला नव्हता.

नांदेडला गोदावरीच्या घाटावर कर्नल शरदचंद्र यांचा दहावा होता. पिंड मांडून सगळे चार पावलं मागे सरले होते. समोरच्या पिंपळावर पाच-सहा कावळे बसले होते. त्यांचं लक्ष पिंडाकडे नव्हतं, माणसांकडे होतं. एकही ओरडत नव्हता. गुरुजींनी दोनदा घड्याळ पाहिलं.

"काही इच्छा राहिली असेल," ते म्हणाले. "आठवून बघा. शब्द द्या, मग शिवेल."

मग आठवणं सुरू झालं. मुलगा मिहिर हात जोडून पुढे झाला. निवृत्तीनंतर बाबा रोज पहाटे मैदानावर सैन्यभरतीची तयारी करून घेत, फुकट. तो वर्ग बंद पडू देणार नाही, असा शब्द त्यानं दिला. पुण्यात नोकरी करून तो हे कसं जमवणार, हे बहुधा कावळ्यांच्याही लक्षात आलं असावं. एकही हलला नाही.

किनवटचे लिंबाजी निवृत्त हवालदार. साहेबांच्या हाताखाली त्यांची नऊ वर्षं गेलेली. पहाटेच्या गाडीनं ते छातीवर पदकं लावून आले होते. शेवटचा जवान जेवल्याशिवाय साहेबांनी कधी ताट घेतलं नाही, असं त्यांनी सांगितलं. त्यांनी पिंडासमोर टाचा जुळवून सलाम ठोकला.

"साहेब, सगळे हजर हैत. कुनी मागं न्हाई ऱ्हायलं. तुम्ही निघा आता."

चारचौघांनी डोळे पुसले. फांदीवर काही फरक पडला नाही.

शिरूर अनंतपाळची शेती सांभाळणारे धाकटे भाऊ शेषेराव पुढे आले. शेत विकणार नाही, बांध मोडणार नाही, असं त्यांनी भावाला सांगून पाहिलं. मग कंटाळून पायरीवर बसले आणि गुरुजींशी बोलू लागले.

"दादासाठी हे दुसऱ्यांदा करायलोत आम्ही. ठाऊक हाय का तुम्हाला?"

गुरुजींना ठाऊक नव्हतं. शेषेरावांनी सगळं सांगितलं. अठ्ठ्याऐंशी साली दादा कॅप्टन होते. वर डोंगरात हिमकडा कोसळला आणि अख्खी तुकडी गाडली गेली. आधी तार आली, महिन्यानं शोध थांबवल्याचं पत्र आलं. वडिलांनी दर्भाचा पुतळा करून याच घाटावर सगळं उरकलं. फार घाई केली, असं पुढे सगळेच म्हणाले. कारण तिसऱ्या महिन्यात लष्करी इस्पितळाचं पत्र आलं. पलीकडच्या खोऱ्यातल्या मेंढपाळांना एक अधिकारी सापडला होता. तोंडाची कातडी आणि बोटांची टोकं बर्फानं खाल्ली होती. मागचं फारसं आठवत नव्हतं, पण गळ्यातल्या बिल्ल्यावरून ओळख पटली होती. तो घरी आला तेव्हा वडिलांनी त्याला उंबऱ्यातच मिठी मारली. त्याला कुणी काही विचारायचं नाही, अशी सगळ्यांना ताकीद दिली.

"आन् गंमत ऐका गुरुजी," शेषेराव म्हणाले. "त्या टायमाला पिंडावरून हात काढला न्हाई, तवर कावळा शिवला होता. आन् मानूस तिकडं जित्ता! कावळ्याला काय कळतंय."

सगळे हसले. दहा दिवसांत पहिल्यांदाच जरा मोकळं वाटलं. गुरुजींनीही ती संधी साधली. शास्त्रात सोय आहे, दर्भाचा कावळा करून शिववून टाकू, असं म्हणत त्यांनी दर्भ हातात घेतला.

"थांबा," सौदामिनीबाई म्हणाल्या.

या घरातल्या बायका घाटावर येत नसत. त्या आल्या होत्या, आणि कर्नलसाहेबांच्या पत्नीला परत जा म्हणायची कुणाची छाती झाली नव्हती. त्या हसल्या नव्हत्या आणि रडतही नव्हत्या. गवताच्या कावळ्यानं त्यांचं समाधान होणार नव्हतं. माणूस अडकून राहिला, तर त्यांच्या जिवाला पुढे कधीच स्वस्थता लाभणार नव्हती.

तो हिमकडा कोसळला तेव्हा त्यांच्या लग्नाला पाच महिने झाले होते आणि त्यात नवऱ्याचा सहवास अकरा दिवसांचा. ते अकरा दिवसही फार सुखाचे नव्हते. शरदचंद्र तापट होते, हात उचलायचे. बर्फातून परत आले ते मात्र शांत होऊन. मरणाच्या दारातून आलेला माणूस बदलतो, असं घरचे म्हणाले. छत्तीस वर्षांत त्यांनी कधी आवाज चढवला नाही. बाईंना टायफॉइड झाला, तेव्हा त्या अर्धवट बोटांनी त्यांची लुगडी धुतली. बाईंचा या माणसावर फार जीव होता. शेवटच्या आठवड्यात ते त्यांच्याकडे बघून काही सांगायला तोंड उघडत आणि पुन्हा मिटून घेत.

त्या एकट्या पिंडापाशी गेल्या. उन्हानं पायरी तापली होती, तरी त्या गुडघे टेकून बसल्या आणि हलक्या आवाजात काहीतरी बोलल्या. फार तर दोन वाक्यं असतील.

पिंपळावरून एक कावळा सरळ खाली आला. बाई अजून उठल्याही नव्हत्या. त्यानं त्यांच्या हाताशेजारच्या भातात चोच घातली, मग बाकीचेही उतरले. गुरुजींनी सुटकेचा निःश्वास टाकला. लिंबाजींनी पुन्हा सलाम केला.

परत येताना गाडीत मिहिरनं विचारलं, "आई, काय शब्द दिलास?"

"तुमची सगळ्यांची काळजी घेईन म्हणाले," बाई म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या.

पिंडाशी वाकून त्या म्हणाल्या होत्या, "तुम्ही ते नव्हता, हे मला तुम्ही आलात त्याच दिवशी कळलं होतं. मी कुणाला सांगणार नाही."