रेषेवरचा फोटो

"आजोबा, कंटिन्युअसवर ठेवा. बोट दाबून धरलंत की सेकंदाला आठ फोटो. एखादा तरी नेमका रेषेवरचा निघेल!" बुटाची नाडी आवळत भिंगरी म्हणाली.

"आणि बाकीच्या सातांचं काय लोणचं घालू?"

आजोबांनी तांत्रिक विद्यालयात एकतीस वर्षे मोजमाप शिकवले होते. कॅमेऱ्याच्या माथ्यावरची चकती ते मायक्रोमीटर न्याहाळावा तशी न्याहाळत होते. सेल्फ टायमर येथे निरुपयोगी. दहा सेकंद मोजून होईपर्यंत टाळ्यासुद्धा वाजून संपतील. सिंगलमध्ये एका दाबाला एकच फोटो. कंटिन्युअसमध्ये बोट उचलेपर्यंत शटर थांबत नाही.

"सिंगलला शिस्त लागते," ते म्हणाले. "एक घाव, दोन तुकडे."

"आणि घाव हुकला तर?"

"आजवर हुकलाय?"

भिंगरी खळखळून हसली. आजोबांनी चकती फिरवली.

आजची चारशे मीटरची शर्यत जिंकणाऱ्या मुलीला प्रशिक्षण केंद्रातली एकमेव जागा मिळणार होती. सहा वर्षे राहणे, शिकणे, धावणे तिथेच. घरी येणे वर्षातून दोनदा. आईवडील गेल्यापासून घरात ही नात आणि आजोबा, एवढी दोनच माणसे होती.

"मी गेल्यावर गोळ्या वेळेवर घ्याल ना?"

"आधी जिंक तर."

"जिंकणारच! बघाच तुम्ही!" तिने त्यांची टोपी डोळ्यांवर ओढली आणि लाल जर्सी सावरत आरंभरेषेकडे धूम ठोकली.

आजोबांनी अंतिम रेषेच्या अगदी सरळ रेषेत कॅमेऱ्याची तिपाई रोवली.

पिस्तूल वाजले. शेवटच्या वळणावर सहाजणींतून दोघीच उरल्या, लाल आणि निळी. साऱ्या मैदानाने एकच गलका केला. "पळ, पळ!" असे शब्द आजोबांच्याही तोंडून निसटले. निळी बोटभर पुढे. लाल भिडली. आजोबांनी बटण दाबले.

"लाल!" एक पंच ओरडला.

"अहो, चष्मा लावा! निळी!" दुसरा.

मुख्य पंच धावतच आले. "मास्तर, तुम्ही रेषेवर होतात. फोटो आहे?"

"आहे."

"किती?"

"एकच. सिंगलवर होता."

तिपाईवरून कॅमेरा न काढता त्यांनी पडदा पंचांकडे वळवला. तिघेही वाकले. निळ्या जर्सीची छाती बोटभर पुढे होती.

"पण रेषा अजून वीतभर पुढे आहे," पहिला पंच पुटपुटला.

"वीतभर म्हणजे पापणी लवेपर्यंत! तेवढ्यात काय जग बदलतं?" दुसरा म्हणाला.

मुख्य पंचांनी मान डोलावली आणि निळीचा क्रमांक पुकारला. टाळ्यांचा कडकडाट झाला. जाताना त्यांनी आजोबांचा हात हातात घेतला. "स्वतःची नात असून! माणूस असावा तर असा."

भिंगरी आली ती हुंदके देतच. "शेवटी मी छाती झोकली होती, आजोबा. मला वाटलं, मीच..."

"फोटोला खोटं बोलता येत नाही, बाळ."

"तुम्ही आणि तुमचं ते सिंगल!" डोळे पुशीत ती कपडे बदलायला निघून गेली.

आजोबा बाकावर बसले. कॅमेरा मांडीवर घेऊन त्यांनी फोटो पुढे सरकवला. पुढच्या फोटोत लाल जर्सी रेषेच्या पलीकडे होती आणि निळी अजून अलीकडे. त्यांनी तो पुसला. मग त्याच्या पुढचा, मग त्याच्याही पुढचा.