मैफलीआधी

नवरा शहरोशहरी जाऊन सभागृहांतले पियानो सुरात लावायचा आणि घरी आला की आठवडाभर त्यांच्याच गप्पा. एकाचा खर्ज मधाळ, तर दुसरा भारी हट्टी. ऐकून बायकोच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. "एकटेच मैफली झोडता!" म्हणत या खेपेला ती ठेवणीतले कपडे घालून बरोबर निघालीच. गाडीत शेजारचा देखणा गृहस्थ वाटभर तिच्याशी हसतखिदळत बोलत होता. नवरा खुशाल घोरत होता.

सभागृहात मात्र तो दुपारभर पियानोला बिलगून बसला. पट्टी दाबायची, कान लावायचा, तार जराशी आवळायची. संध्याकाळी खुर्च्या भरू लागल्या, वादक मंचावर आला, तशी नवऱ्यानं अवजारं गोळा केली आणि तो मागच्या दाराकडे निघाला.

"अहो, मैफल तर आता कुठे सुरू होतेय!"

"मी कधीच थांबत नाही," तो मान खाली घालून म्हणाला. "त्याला दुसऱ्या कुणी हात लावलेला मला बघवत नाही."

आत टाळ्यांचा कडकडाट झाला. बायकोच्या कानात मात्र गाडीतलं ते घोरणंच घुमत राहिलं.