फुंकररावांचा डावा गाल

चूळ भरताना फुंकररावांच्या तोंडातलं पाणी डाव्या बाजूनं आपोआप गळलं आणि सदरा भिजला. त्यांनी आरशात पाहिलं. उजवा गाल नेहमीचाच होता. डावा मात्र दुसऱ्याच कुणाचा असावा तसा लोंबत होता, आणि डावा डोळा काही केल्या मिटत नव्हता.

"अगं, इकडे ये जरा!"

दोनदा हाक मारून शेवटी तेच स्वयंपाकघरात गेले. बायकोनं त्यांच्याकडे पाहिलं आणि हातातलं पातेलं होतं तिथेच टेकवलं.

वाद्यवृंदात तीस वर्षं ट्रम्पेट फुंकून फुंकून त्यांचं खरं नाव सगळे विसरले होते. निवृत्तीला पाच महिने उरले होते आणि शेवटच्या कार्यक्रमात एक तुकडा त्यांनी एकट्यानं वाजवायचा होता. उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच. आणि आता ओठ मिटायला गेले, की डाव्या कोपऱ्यातून वारा फुस्स.

डॉक्टरीणबाईंनी भुवया उचलायला लावल्या, दात दाखवायला लावले.

"घाबरू नका, मेंदूचं काही नाही. चेहऱ्याची नस कानामागच्या हाडातल्या चिंचोळ्या बोगद्यातून बाहेर येते. तिथे ती सुजली, की अडकते. बहुतेकांची सुटते. गोळ्या घ्या, डोळ्यात थेंब घाला, आणि सांगेन तेव्हापासून रोज आरशासमोर व्यायाम."

"वाजवता येईल?"

"तीन महिन्यांनी विचारा."

ऐकण्याची नस थोडं अंतर या चेहऱ्याच्या नसेच्याच सोबतीनं जाते, म्हणून त्यांनी फुंकररावांचे कानही यंत्रावर तपासले. कान ठणठणीत निघाले. मग डॉक्टरीणबाई हसून बायकोकडे वळल्या. "यंत्र चालूच आहे. तुम्हीही बसता?"

"मला कशाला?" बायको पिशवी उचलून उठलीच. "माझे कान तिखट आहेत. हे कुठे चुकतात ते तीस वर्षं मीच सांगतेय."

यात तसूभरही खोटं नव्हतं. संध्याकाळी ते सरावाला बसले, की ती बरोबर समोर खुर्ची टाकून बसायची आणि पापणी न लवता त्यांच्याकडे बघायची. तुकडा संपला की निकाल तयार. "दुसऱ्या वळणावर दम चोरलात." चोरलेला असायचाच. वाद्यवृंदाच्या संचालकाला फसवता यायचं, तिला नाही.

व्यायामाचा कागद तिनं ताब्यात घेतला. सकाळ-संध्याकाळ आरशासमोर दोघं खेटून उभी.

"भुवया वर. आता गाल फुगवा. अहो, दोन्ही! ओठांचा चंबू करा."

"लग्नातसुद्धा एवढे चंबू केले नाहीत मी."

"काय म्हणालात?"

"काही नाही."

"आता म्हणा, प, फ, ब, म."

"हे कागदावर नाहीये."

"माझी भर आहे."

"ट्रम्पेटला अक्षरं कशाला लागतात?"

"लागतात," ती म्हणाली.

पहिले काही आठवडे वाईट गेले. जिभेची चव गेली होती. डाव्या कानात बारीकसा आवाजही घणासारखा आदळायचा आणि ही बाई भांडी दाणदाण आपटायची. त्यात प्रत्येक वाक्याला तिचं "काय?" आपली बोली इतकी बोबडी झाली, या विचारानं ते आधीच कानकोंडे झालेले. एका दुपारी मात्र त्यांचा तोल सुटला.

"पाणी! पाणी मागतोय! चौथ्यांदा!"

ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. मग पदरात तोंड खुपसून हमसून हमसून रडली. आजवरच्या संसारात एवढ्यातेवढ्यावरून ती कधी रडली नव्हती. फुंकररावांनी स्वतः उठून पाणी घेतलं, आधी तिला दिलं. "होईन गं मी बरा," ते म्हणाले. ते तरी तिला कळलं की नाही कोण जाणे. पण दुसऱ्या दिवसापासून आरशासमोर ते न बोलावता उभे राहू लागले.

सहाव्या आठवड्यात ओठाचा कोपरा तीळभर हलला. त्यांना स्वतःला कळायच्या आत तिनं पाहिलं.

"हलला! पुन्हा करा. पुन्हा!" बोट लावून तिनं तो कोपरा असा चाचपला, जणू बाळाचा पहिला दातच.

मग गाल हळूहळू ताळ्यावर आला. आधी डोळा मिटला, मग गालात वारा ठरू लागला. 'काय?' विचारणंही कमी होत होत थांबलं. तीन महिने सरल्यावर संचालकानं त्यांना बोलावून तो तुकडा वाजवून घेतला. ऐकल्यावर तो एवढंच म्हणाला, "तुमच्याशिवाय कोण वाजवणार होतं?"

फुंकरराव जिने एका दमात चढले. स्वतःच्या किल्लीनं दार उघडलं. बायको पाठमोरी, मोरीशी कप विसळत होती. सांगण्यापेक्षा वाजवूनच दाखवावं, असं मनात आलं. त्यांनी दारातच ट्रम्पेटची पेटी उघडली आणि पूर्ण जोर लावून तुकडा सुरू केला.

वरच्या मजल्यावरची खिडकी उघडली. "वाहवा!" कुणीतरी ओरडलं. समोरच्या घरातलं तान्हं दचकून रडायला लागलं. दुसरं वळण आलं. फुंकररावांनी दम चोरला नाही. शेवटचा सूर त्यांनी भिंती हादरेपर्यंत लांबवला.

बायकोनं कप पालथा घातला आणि दुसरा विसळायला घेतला.

फुंकररावांनी ट्रम्पेट खाली ठेवलं. जवळ जाऊन तिच्या खांद्याला हात लावला. ती केवढी दचकली! वळली, आणि तिचे डोळे थेट त्यांच्या ओठांवर येऊन थांबले.

"कधी आलात? काय झालं? सांगा ना!"

त्यांनी आपलं तोंड तिच्या नजरेसमोर नीट आणलं. मग घशातून चकार आवाज न काढता, नुसते ओठ हलवून ते म्हणाले, 'मीच वाजवणार.'

तिचा चेहरा फुलला. ओला हात तसाच त्यांच्या तोंडावर ठेवून ती हसत म्हणाली, "अहो, हळू! केवढ्यानं ओरडताय, शेजारी ऐकतील!"