दोन टोपणं टॉनिक

तंबाखूच्या वखारीतला हमाल परशराम दवाखान्यातल्या खाटेवर पडला होता. तोंड लालबुंद, छाती धडधडत होती. सलाईनची काचेची बाटली निम्मी संपली, तेव्हा कुठं त्याला बोलता आलं.

“किती प्यालास?” डॉक्टरांनी विचारलं.

“न्हाय साहेब. तीन म्हैनं झालं. यल्लमाच्या भंडाऱ्यावर हात ठेवून सोडलीया.”

डॉक्टरांना ते पटलं नाही. निपाणीत असले हमाल त्यांनी पुष्कळ पाहिले होते. खाटेच्या पायथ्याशी उभी असलेली त्याची आई, तानीबाई म्हणाली, “चोरून घेतली आसशील. यल्लमाआई कोपली तुझ्यावर.”

घेतली नव्हती हे परशरामला पक्कं ठाऊक होतं. तरी आपलं कुठं चुकलं, ते तो आठवायला लागला.

“मालू, तू तरी सांग ह्यास्नी,” तो बायकोला म्हणाला.

मालुबाई भिंतीला टेकून उभी होती. नवऱ्याचं ते तोंड तिला बघवेना.

“ह्यांनी न्हाय घेतली,” ती म्हणाली. “मीच दारू सुटायची गोळी घालत हुते आमटीत. बेळगावच्या कंपाउंडरनं दिलती. आदी दोनदा शपथ मोडलीया ह्यांनी, म्हणून.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “आणि आज काय दिलंस?”

“अशक्तपणा आलता, म्हणून टॉनिक. दोन टोपणं.”

टॉनिकात थोडी दारू असते, डॉक्टरांनी सांगितलं. तेवढ्यानं माणसाला काही होत नाही. नुसत्या गोळीनंही होत नाही. दोन्ही पोटात एकत्र आली की जीवावर बेततं.

“म्हंजे दारू सुटली ती गोळीनं,” तानीबाई म्हणाली.

“नाही. प्यायल्याशिवाय ती गोळी काही करत नाही. हा प्यायलाच नाही. दारू ह्यानंच सोडली.”

“मी आन् देवीनं,” परशराम हळू म्हणाला. “आमी दोघांनी.”

मालुबाईनं त्याच्या पायावर हात ठेवला. त्यानं पाय आखडून घेतला.

डॉक्टर चिठ्ठी लिहायला लागले. “गोळी आजपासून बंद. पण ती अंगात पंधरा दिवस राहते. तोवर थेंबभर दारू पोटात गेली, तर वाचशील याची खात्री नाही.”

परशरामनं बोटांवर दिवस मोजले.

“आन् सोळाव्या दिवशी घेतली तर?” त्यानं विचारलं.