राखाडी कोट

सून इस्त्रीच्या कामातून पार गेली होती. आठवड्यातला हा तिसरा शर्ट. पहिल्याची कॉलर करपवली, दुसऱ्याची बटणं वितळवली, आणि आज पांढऱ्याशुभ्र पाठीवर शाईचा डाग.

"हे काय?" सासूने, म्हणजे शिवणाच्या दुकानाच्या मालकीणबाईंनी, शर्ट तिच्या नाकासमोर धरला. "गिऱ्हाइकाला काय सांगू, नक्षी फुकट काढून दिली म्हणून?"

"हाताची शाई लागली, आत्याबाई. ते अर्जाचे कागद..." सुनेने डाव्या तळहाताची कड एप्रनला पुसली.

"अर्ज जाऊन दोन महिने झाले. शाई अजून ओलीच?"

सुनेने डाव्या हाताने जडशीळ लोखंडी इस्त्री उचलली आणि पुढचा शर्ट ओढला. नजर मात्र दाराकडे. पोस्टमनची वेळ झाली होती.

दुकान खाली, घर वर. मालकीणबाईंची शाळा तिसरीत सुटली. अजूनही त्या एकेक अक्षर जुळवत वाचत. पण माप घ्यायला त्यांना टेप लागत नसे. माणूस दारातून आत येईस्तोवर त्याची छाती, कंबर, उंची त्यांच्या डोळ्यांत उतरलेली असे. मुलगा मालवाहू जहाजावर पहिल्यांदा निघाला, तेव्हा त्यांनी त्याला कोट शिवला होता. घरातून मोठ्या कामाला निघणाऱ्याने त्यांच्या हातचा कोट घालूनच उंबरा ओलांडायचा, हा त्यांचा कायदा.

आता पुन्हा टेबलावर कोट होता. राखाडी, लोकरीचा. कशासाठी, ते सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. नातीची शाळा यंदा संपली होती आणि या घरातून विद्यापीठाकडे अर्ज गेला होता. जागा चाळीस, अर्ज हजारोंनी.

नातीला सगळे टकळी म्हणत, कारण तिची टकळी सदा चालू. पण अर्जाचं कुणी विचारलं, की ती "कळेल लवकरच" एवढंच म्हणे आणि पुन्हा शिलाई मशीनवर वाकत असे. आताही ती खिसे शिवत बसली होती. पाय एका लयीत, टाका सरळ. आई तिकडे घामाघूम आणि ही इकडे गाणं गुणगुणतेय. काय दगडी काळजाची पोर, असं मालकीणबाईंच्या मनात आलं. तोंडाने त्या म्हणाल्या, "धागा वाया घालवू नकोस."

मास्तर कोटाची काजं करायला बसले होते. तीस वर्षं या दुकानात कापड कापलेला माणूस. त्यांनी कोट उलटसुलट केला, घसा खाकरला.

"मालकीणबाई, रागावू नका. पण छातीला दोन इंच जास्त घेतलेत. पोरगी तर काडी आहे."

"अंग भरतं माणसाचं."

"आणि डावा खांदा अर्धा इंच उतरवलाय. तोही भरेल?"

"मास्तर, तुम्ही काजं करा."

"समोरच चष्मेवाला आहे. एकदा डोळे दाखवून यायला काय..."

मालकीणबाईंनी कात्री टेबलावर अशी आपटली, की मशीन थांबलं. "या डोळ्यांनी मापून गल्लीतल्या निम्म्या माणसांना कपडे घातलेत, मास्तर. मला डोळे शिकवू नका."

मास्तर काजांवर वाकले. थोड्या वेळाने त्यांनी हळूच टकळीला विचारलं, "पोरी, एकदा घालून बघ की. निघायच्या दिवशी तमाशा नको."

टकळीने आईकडे पाहिलं. "कोटाचं नंतर बघू, मास्तरकाका."

इस्त्रीच्या टेबलाशी सून स्वतःशीच पुटपुटली, "यंदा नाही झालं तर संपलंच. पुन्हा नाही."

ते मालकीणबाईंनी ऐकलं. त्यांनी सुईत दोरा ओवला, पहिल्याच झटक्यात, आणि मास्तरांना दाखवून ओवला.

तेवढ्यात पोस्टमन आला. लांब, जाडसर लिफाफा. तो घ्यायला सून पुढे झाली, पण हातातला शर्ट ठेवायचंच विसरली, तेव्हा टकळीनेच लिफाफा ओढून घेतला. तिने दातांनी कड फाडली, कागद उघडला. मग ती अशी किंचाळली, की समोरचा चष्मेवाला दारात आला.

"मिळाला! प्रवेश मिळाला!"

"शाब्बास टकळे!" मास्तर ओरडले. "चाळिसांत एक! नाव काढलंस!"

सून कापडाच्या ढिगावर मटकन बसली. हातात होता तोच शर्ट तोंडाशी धरून ती रडायला लागली. चौथाही शर्ट गेला.

मालकीणबाईंनी शेवटचं बटण दातांनी दोरा तोडून पक्कं केलं, कोट झटकला आणि दोन्ही हातांत धरून उभ्या राहिल्या. मास्तरांनी मान फिरवली. आयुष्यभर ज्या हातांना मानलं, त्यांची फजिती त्यांना बघवणार नव्हती.

टकळी घाईघाईने पुढे आली. "आजी, थांब ना. आधी तुला एक सांगायचंय. रागावणार नसशील तर..."

"टकळी बंद. सरक बाजूला."

तिला वळसा घालून त्या ढिगापाशी गेल्या, सुनेला दंडाला धरून उठवलं आणि कोट तिच्या अंगावर चढवला. वीस वर्षं इस्त्री उचलून अर्धा इंच उतरलेला तिचा डावा खांदा आत असा बसला, की एक सुरकुती नाही. मालकीणबाईंनी कॉलर सारखी केली, शाईने माखलेला तो हात बाहीतून बाहेर काढला आणि म्हणाल्या, "इस्त्रीच्या कामाची तू कधी नव्हतीसच. जा, शीक. आणि माझ्या कोटाला शाई लावलीस तर याद राख."