कॅमेरा छान

सिनेमा चांगला होता, हेच दिग्दर्शक गजेंद्रचं दुखणं होतं.

चेन्नईत, वडपळणीच्या प्रिव्ह्यू थिएटरात इंटरव्हल झाला तेव्हा त्याने फिल्टर कॉफीचा कप उचलला आणि कोणी विचारायच्या आत सांगून टाकलं, "काही खरं नाही आता. थिएटरं बंद पडणार. यापुढे लोक सिनेमा मोबाइलवर बघणार, तोही पळवत पळवत."

"दहा वर्षं हेच ऐकतोय," चंद्रमौळी म्हणाले. तंजावरकडचे जुने नट, तोंडाचे फटकळ. "सिनेमा कुठे संपलाय, गजेंद्र? तुला निर्माता मिळत नाही, एवढंच झालंय."

सगळे हसले. गजेंद्रही हसला, न हसून सांगतो कोणाला. सात वर्षं जिने त्याच्या हाताखाली असिस्टंट म्हणून काम केलं, त्या कीर्तनाचा हा पहिला सिनेमा. पहिलाच, आणि असा! एखादा तरी सीन फसावा, एवढीच त्याची माफक अपेक्षा होती. तीही पोरीने पुरी केली नाही.

शो संपला. रिवाजाप्रमाणे कीर्तना दारात उभी राहिली. बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाने दिग्दर्शकाचा हात हातात घ्यायचा आणि काहीतरी बोलायचं. सिनेमा आवडला नसेल तर म्हणायचं, "कॅमेरा छान." या धंद्यात त्याचा अर्थ सगळ्यांना कळतो. कीर्तनाला तर तो गजेंद्रनेच शिकवला होता.

बाकीच्यांशी ती हसून बोलत होती, पण लक्ष सगळं रांगेत मागे उभ्या असलेल्या गजेंद्रकडे. त्याचा नंबर आला.

"सर, सिनेमा कसा वाटला? खरं सांगा हं."

"कॅमेरा छान," गजेंद्र म्हणाला.

तिचा चेहरा उतरला. हात तसाच त्याच्या हातात राहिला. गजेंद्रला बरं वाटलं, अगदी गार वाटलं.

त्याच्या मागेच त्याची बायको विद्युलता होती. स्वतः अभिनेत्री असल्याने वाईट अभिनय तिला बघवत नसे.

"काही ऐकू नकोस ह्यांचं," ती म्हणाली. "मघाशी आत रडत होते."

कीर्तनाने एकदम मान वर केली.

"कुठल्या सीनला, सर?"

गजेंद्रने जिन्याकडे पाहिलं. पण प्रश्न एका दिग्दर्शकाने विचारला होता, आणि त्याचं उत्तर टाळणं त्याला जमेना.

"आई डबा घेऊन कंपनीच्या बसमागे पळते तिथे," तो म्हणाला. मग तिचा हात सोडून, जिना उतरता उतरता, चिडून म्हणाला, "तो सीन मला सुचायला हवा होता."