वॉच माझ्याकडं

ईश्वरीने मोबाइलवर तीनच इंग्रजी अक्षरं लिहिली, ‘एनयूसी’, आणि मन बदलायच्या आत पाठवून दिली.

घाटनांदूरच्या त्या घरात पंख्याखाली दुपार हलकी डुलत होती. पलंगावर दहा महिन्यांची रुचिका झोपली होती. चार दिवसांपूर्वी तापात तिला झटका आला होता. आता काळजी नाही, डॉक्टर म्हणाले. पण तेव्हापासून ईश्वरीची नजर लेकीच्या छातीवरून हलत नव्हती. आपला डोळा लागला की तिचा श्वास थांबेल, असं तिला वाटे. सासू गंगासागर सांगून थकली होती, “मी बसते हितं, तू पड जरा.” ती पडायची. डोळे उघडेच.

नवरा, संगमेश्वर, जहाजावर थर्ड ऑफिसर. त्याचे निरोप सगळे आद्याक्षरांत. बीएस्सी झालेल्या ईश्वरीने त्यांची वहीच केली होती. ईटीए म्हणजे पोचायची वेळ. एफडब्ल्यूई म्हणजे धक्क्याला लागलो, इंजिनचं काम संपलं. एनयूसी म्हणजे जहाज पाण्यावर आहे, पण आता आवरता येत नाही. बाकीच्यांनी सांभाळून घ्यावं. ही अक्षरं त्याने कधीच पाठवली नव्हती. आज तिने पाठवली.

मिनिटभरात व्हिडिओ कॉल आला. जहाज नांगरावर होतं. तो नुकताच ड्यूटीवरून उतरला होता, अंगावर अजून पांढरा शर्ट.

‘झोप’ असं तो म्हणाला नाही. “रिपोर्ट दे,” म्हणाला.

“कसला?”

“आमच्यात वॉच, म्हंजी पहारा, बदलताना पुढच्या माणसानं सगळं विचारून घेतल्याबिगर आधीचा जागचा हालत न्हाई. ताप किती हाय? औषध कवा दिलं?”

ती सांगत गेली. अठ्ठ्याण्णव पॉइंट आठ. साडेअकराला. श्वास मिनिटाला बत्तीस. त्याने एकेक आकडा परत म्हणून दाखवला. मग फोन तांब्याला टेकवून ठेवायला लावला.

“अजून डावीकडं सरकव.”

“अहो, दिसायली की सगळी.”

“सरकव म्हनलं ना.” तिने सरकवला. “आता वॉच माझ्याकडं.”

ती लेकीशेजारी आडवी झाली. गावाबाहेरचे कापसाचे पट्टे संथ हलू लागले. घर आवाज न करता जागचं सुटलं. दारातला लिंब मागे राहिला. वर कुठंतरी उंचावर कुणीतरी उभं होतं, दूरवर बघत. तिला बघायची गरज नव्हती.

जाग आली तेव्हा ऊन भिंतीवरून उतरलं होतं. रुचिका आजीच्या मांडीवर बसून तिची बोरमाळ चावत होती. फोन चार्जरला लावलेला. पडद्यावर तो तसाच, हनुवटीला हात लावून बसलेला.

“मला वाटलं फोन चालूच राह्यला,” गंगासागर म्हणाली. “बंद कराया गेले तर आतून म्हनतो, आई, हात लावू नको, मी ड्यूटीवर हाय. वर मलाच कारकून केलं. दर अर्ध्या घंट्याला लिही म्हनं. साडेतीन घंटे लिहायले.”

वही उघडीच होती. चौथी शिकलेल्या गंगासागरचं मोठं, वाकडं अक्षर. दोन वाजता : ३२, १४. अडीच : ३०, १४. तीन : ३१, १३. पान भरत आलं होतं.

“श्वास मोजले होय. आणि हा दुसरा आकडा?” ईश्वरीने विचारलं.

गंगासागरने नातीच्या मुठीतून बोरमाळ सोडवली.

“तुझा.”